नाताळबाबाची ईबत्ती

जुळे सोलापूर
मंगळवार, २३ डिसेंबर २०२५

तीर्थरूप भावजी,

आपल्याला आणि जाऊबाईंना नमस्कार. गुडघ्यामुळे हल्ली मला वाकता येत नाही, म्हणून पायाशी करायचा तो इथे पहिल्या ओळीतच करून ठेवते. जाऊबाईंची साखर आता कशी आहे? मागच्या महिन्यात त्यांना मेथीचं पाणी सांगितलं होतं. घेतात की भांडं नुसतं उशाशी ठेवतात, हे आपणच एकदा बघा. इकडे सगळे बरे आहेत. थंडी यंदा चांगली पडली आहे, सकाळी टाकीचं पाणी हाताला चावतं. अंकिताच्या माहेराहून हुरडा आला होता, त्यातला अर्धा आपल्याकडे पाठवायचा म्हणून बांधून ठेवला होता. तो तसाच राहिला.

शिवराजनं काल आपल्या कारखान्यातून आल्यावर आपला निरोप सांगितला. मी दोन ओळी लिहून द्याव्यात, की माझ्या घरात विभूतीची, आपल्या ईबत्तीची, चेष्टा झाली, त्याबद्दल समाजाची आणि घराण्याची माफी मागते. त्या ओळी आपण कुटुंबाच्या ग्रुपवर टाकाल, म्हणजे ज्यांनी आपल्याला फोन केले ते गप्प होतील. संक्रांतीला सगळे आपल्याकडे जेवायला जमतील, तेव्हा माझ्या नातीनं, उत्कर्षानं, सर्वांसमोर आपल्या पाया पडून 'चुकलं' म्हणावं. आणि हे झालं नाही, तर आम्ही संक्रांतीला येऊ नये, शिवराजनंही आपलं दुसरीकडे काय ते बघून घ्यावं. हे शेवटचं त्यानं आपणहून सांगितलं नाही. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठला, तेव्हा मी विचारून घेतलं.

तर त्या दोन ओळी लिहायला बसले आहे. कागद मोठा घेतला, ही माझी खोड. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला पत्राला समास सोडायला आणि लवकर मुद्द्यावर यायला शिकवलं होतं. समास अजून नीट सुटतो.

भावजी, ही बिस्किटं आपल्या घरात पहिल्यांदा झाली ते आपल्याला आठवतं का? माझ्या लग्नानंतरचा पहिला डिसेंबर होता. तेव्हा आम्हीही आपल्याबरोबर तिथेच, बाळीवेशीतल्या घरात होतो. करकंबच्या कापड दुकानदाराची मुलगी, कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात राहून शिकलेली, म्हणून मला काय येतं आणि काय येत नाही, याची घरात सगळ्यांनाच उत्सुकता होती. भाकरी थापता येत होती, ती बघून सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. मग एक दिवस मी धीर करून म्हटलं, बोर्डिंगात आम्ही नाताळात बिस्किटं करायचो, करू का? सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो अंड्याचा. सिस्टरांच्या कृतीत दोन अंडी होती. मी म्हटलं, दही घालीन. दह्यानं अंड्याचं काम होतं की नाही, हे मला मुळीच ठाऊक नव्हतं.

चुलीवर कढईत वाळू तापवून, वर झाकण ठेवून भाजली. फरशीसारखी झाली होती. सासूबाईंनी एक उचललं, उजेडात धरलं आणि 'येन इदु?' एवढंच म्हणाल्या. 'हे काय आहे' याचं उत्तर मला तेव्हा ना मराठीत देता आलं, ना कानडीत. हे म्हणाले, मागावर धोट्याच्या जागी लावून बघू, धोटा तरी झिजतो. मामंजींनी मात्र पेल्यातल्या दुधात बुडवून ते सावकाश खाल्लं. त्यांच्या पांढऱ्या दाढीत चुरा अडकला होता आणि तो त्यांना सांगायची कुणाची छाती होत नव्हती.

आणि आपण चार बिस्किटं रुमालात बांधून कारखान्यात नेलीत. दुपारी परत येऊन सासूबाईंसमोर मुद्दाम मोठ्यानं म्हणालात, की मुकादम विचारत होता, अजून आहेत का. ते खरं होतं की माझं रडवेलं तोंड बघून रचलेलं, हे मी चव्वेचाळीस वर्षांत विचारलं नाही. आता विचारायला नको. पुढच्या वर्षी मुंबईहून येताना आपण तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आणलात, झाकणाला काचेची खिडकी असलेला. घरातली सगळी मुलं, आपलीही, त्या खिडकीला नाकं लावून बसायची. सासूबाईंनी त्या वर्षी दोन खाल्ली आणि 'छलो आगेद' म्हणाल्या. चांगलं झालंय, हे त्यांनी माझ्या कुठल्याच पुरणपोळीला म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून दर डिसेंबरला होतात. मैद्यात थोडं ज्वारीचं पीठ घालायला मी नंतर लागले, त्यानं खुसखुशीत होतात. मुलं चांदण्या कापतात, झाडं कापतात, नाताळबाबा कापतात. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा कापून त्यातून साखरेची पांढरी नक्षी काढतात. बिटाच्या रसानं टोप्या रंगवतात, त्या गुलाबी होतात, आणि त्या लालच आहेत असं सगळ्यांनी म्हणायचं असतं. मग घरोघरी डबे जातात. आपल्या घरी पहिला.

रविवारबद्दल लिहायचं आहे. पण उत्कर्षाची व्हॅन आली वाटतं. खाली जायला हवं, तिला एकटीला जिना चढायला सध्या नको वाटतं.


शुक्रवार, २६ डिसेंबर

मंगळवारी इथवर लिहून ठेवलं ते तसंच राहिलं. आता पुन्हा नमस्कार करत नाही, एका पत्राला एक पुरे.

भावजी, मी त्या दोन ओळी लिहिणार नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे आपण पुढचं वाचताना त्या शोधत बसणार नाही.

रविवारी आपण आलात तेव्हा मी घरात नव्हते. सकाळी पहिला ट्रे झाला होता. उत्कर्षा नाताळबाबा रंगवायला बसली. टोपी झाली, दाढी झाली, डोळे झाले. मग तिनं पिशवी पुन्हा हातात घेतली आणि जीभ दातात धरून त्याच्या कपाळावर तीन आडव्या रेघा काढल्या. एकाच्या काढल्या, मग सगळ्यांच्या. मी विचारलं, हे काय? तर माझ्याकडे बघून, मलाच काही कळत नाही अशा आवाजात म्हणाली, "आज्जी, म्हातारा माणूस आहे, पांढरी दाढी आहे, मग ईबत्ती नको का? रिकाम्या कपाळानं बसू नये, तूच म्हणतेस की."

मी हसले. खोटं कशाला सांगू, मला फार आवडलं. तिच्या बघण्यातला पांढऱ्या दाढीचा म्हातारा एकच आहे, आमच्या बैठकीतल्या फोटोतले मामंजी. तिनं त्यांना कधी पाहिलं नाही, पण रोज शाळेला जाताना त्यांना हात जोडते. लांबून, थंडीतून, मुलांना खाऊ घेऊन येणारा म्हातारा म्हटल्यावर तो आपल्याच घरातला असणार, असं तिनं धरून चाललं. सात वर्षांच्या पोरीनं पाहुण्याचं कपाळ रिकामं ठेवलं नाही. यात चेष्टा कुठं आहे, हे मी चार दिवस शोधते आहे.

अंकितानं कौतुकानं फोटो काढून ग्रुपवर टाकला. तिथून तो कुणी कुठे पाठवला, मला माहीत नाही. दुपारी मी बिस्किटांवर लावायचे चांदीचे गोळे आणायला नव्या पेठेत गेले आणि तेवढ्यात आपण आलात.

पुढचं मला अंकितानं सांगितलं. तेही सरळ सांगितलं नाही, दोन दिवसांनी भांडी विसळताना, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. आपण खुर्चीत बसलात, ट्रे समोर मागवलात आणि उत्कर्षाला म्हणालात, "पूस." ती आईकडे बघायला लागली. अंकिता म्हणाली, मी पुसते. त्यावर आपण म्हणालात, "जिनं काढलं, तिनंच पुसायचं."

तिनं पुसलं. प्रत्येक नाताळबाबाच्या कपाळावरून बोट फिरवलं. साखर अजून पुरती वाळली नव्हती, पटकन निघाली. सगळं झाल्यावर ती बोट वर धरून उभी राहिली. घरात रोज असं बोट ती चाटून टाकते. पण आता ती साखर होती की ईबत्ती, हे तिला कळेना. चाटलं तर पाप, पुसलं तर पुसायचं कशावर? ती तशीच उभी होती, असं अंकिता म्हणाली. आपण तिला हात धुऊन यायला सांगितलंत आणि चहा न घेता गेलात.

आपण रागावलात, ते मी समजू शकते. आपल्याला लोकांनी फोन केले. या वयात, इतकी वर्षं घराण्याचं नाव सांभाळल्यावर, कुणी विचारावं की तुमच्या घरात हे काय चाललंय, हे लागणारच. हे गेल्यावर आपण आमच्या पाठीशी उभे राहिलात. शिवराजला कारखान्यात घेतलंत, मशीनपासून शिकवलंत, पुतण्या म्हणून लाड केले नाहीत आणि परका म्हणून दूरही ठेवलं नाही. मी यातलं काही विसरलेली नाही. म्हणूनच मंगळवारी मला वाटत होतं, लिहून द्याव्यात दोन ओळी. कागदच तर आहे.

बुधवारी तिचे कपडे धुवायला काढले. फ्रॉकच्या घेराला आतल्या बाजूनं पांढरे डाग होते. वाटलं, साखर सांडली असेल. बोट लावून बघितलं. साखर चिकटते, भावजी. हे चिकटत नव्हतं. दुसऱ्या फ्रॉकलाही तसेच डाग, शाळेच्या स्कर्टलाही.

सकाळी पूजा झाल्यावर मी तिच्या कपाळाला ईबत्ती लावते, ती मान पुढे करते, लावून घेते. मग जिन्यात कुठेतरी फ्रॉकचा घेर वर करून पुसून टाकते. रविवारपासून रोज.

मी तिला रागावले नाही. जवळ घेऊन विचारलं. आधी तिनं फ्रॉकचा घेर मुठीत लपवला. मग म्हणाली, "चुकीच्या माणसाला लावली तर पुसायची असते ना? मी बरोबर माणूस आहे का, ते मोठ्या मुत्त्यांनी सांगितलंच नाही."

आपण तिला मोठे मुत्त्या, थोरले आजोबा. घरातली शेवटची गोष्ट आपल्याला विचारून होते, हे तिनं जन्मापासून बघितलं आहे. तिनं आपलं ऐकलं, इतकं ऐकलं. विभूतीचा मान राखायला आपण आलात आणि आपल्या घरातल्या एका कपाळावरची ती पुसली गेली. मी हे आपल्याला दुखवायला लिहीत नाही. पण हे लिहिल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी मी यांनाही कधी सांगितली नव्हती. लाजेची होती म्हणून.

बोर्डिंगात आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. करकंबहून निघताना आप्पांनी मला विभूतीचा पांढरा गट्टा दिला होता, रोज आंघोळीनंतर ओल्या बोटांनी लावायची म्हणून. वर्गातल्या दोन मुली हसायच्या, मला 'झेब्रा' म्हणायच्या. मग मी काय करायचे, आप्पांना दिलेला शब्द पाळायचा म्हणून खोलीत लावायचे आणि प्रार्थनेच्या घंटेआधी नळावर जाऊन धुऊन टाकायचे. एक दिवस सिस्टर फिलोमिना नळाशी आल्या. स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं, उंच, काळ्यासावळ्या, केरळच्या. मोडकं मराठी बोलायच्या. मला वाटलं, आता म्हणतील, बरं केलंस, शाळेत हे चालत नाही. त्यांनी विचारलं, कुणी लावायला सांगितलं? मी म्हटलं, वडिलांनी. त्या म्हणाल्या, "मग वडील येऊन पुसतील. तू नाही पुसायचं." मला खोलीत परत पाठवून पुन्हा लावायला लावली. त्या दोन मुलींना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण झेब्रा बंद झाला. त्याच डिसेंबरात सुट्टीत घरी न गेलेल्या आम्हा चौघी-पाचजणींना त्यांनी बिस्किटं करायला स्वयंपाकघरात घेतलं. मी पीठ मळताना घामानं ईबत्ती ओघळायची, तर आपल्या पदराच्या टोकानं, रेघांना धक्का न लावता, भोवतालचा घाम टिपायच्या.

त्या गेल्या त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी दर डिसेंबरला पीठ मळते ते येशूसाठी नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. मी त्या बाईसाठी मळते. गळ्यात क्रूस घातलेल्या बाईनं माझं कपाळ राखलं. आणि आता माझ्याच घरात माझ्या नातीला ते आपल्या बोटानं पुसायला लागावं?

असो. मध्ये उठून चहा घेतला.

आपण निरोपात असंही म्हणालात म्हणे, की आपल्या घरात हा परका म्हातारा हवाच कशाला. भावजी, अक्कलकोट रोडला आपल्या कारखान्यात ऑगस्ट महिन्यापासून हाच म्हातारा टॉवेलवर विणला जातो. मी डोळ्यांनी पाहिला आहे, हिरव्या काठाचा, हातात पोतं घेतलेला, परदेशी ऑर्डरीचा. गणपतीत तो मागावर असतो, नवरात्रात त्याचं पॅकिंग चालतं आणि दसऱ्याला त्याच मागांची आपण पूजा करता. त्याला आपण कधी परका म्हटलं नाही. त्याचं कपाळ रिकामं असतं, हे मात्र कबूल.

रागावलात ना? रागवा. पण हे वाचून आपल्या ओठाचा डावा कोपरा हलला असणार, हेही मला माहीत आहे. हे असेच हसायचे. दोघं भाऊ एकाच मातीचे.

काल नाताळ होता. मी पुन्हा पीठ मळलं. अंकिता म्हणाली, आत्या, यंदा राहू द्या. शिवराज पेपर उघडून बसला, पण पान उलटत नव्हता. मी उत्कर्षाला हाक मारली. ती आली, सवयीनं स्टुलावर चढली, चांदण्या कापल्या, झाडं कापली. मी नाताळबाबाचा साचा तिच्यापुढे सरकवला. तोही तिनं कापला. भाजून झाल्यावर रंगवायला बसली आणि प्रत्येकाची टोपी पार डोळ्यांपर्यंत खाली ओढली. भुवया नाहीत, कपाळ नाही. टोपी आणि खाली लगेच डोळे.

शिवराज पाणी प्यायला आत आला होता. त्यानं विचारलं, "हे असं का गं? त्याला दिसायचं कसं?"

"कपाळच नको," ती म्हणाली. "म्हणजे कुणाला विचारायला नको."

शिवराजनं पेला ठेवला, पाटावर बसला, दुधाची पिशवी घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. मागाचा तुटलेला धागा झटक्यात जोडणारा तो हात, पण त्याच्याकडून साखरेचे नुसते गोळे पडायला लागले. उत्कर्षा न राहवून म्हणाली, पप्पा, दाबायचं नसतंय, सोडायचं असतंय. त्यानं एका साध्या गोल बिस्किटावर दोन डोळे काढले, दाढी काढली, आणि कपाळावर तीन रेघा ओढल्या, जाड, वाकड्या, एकीत एक मिसळलेल्या. मग ते तिच्यापुढे धरलं. ती बघत राहिली. घेतलं नाही तिनं. पण पुसलंही नाही.

संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आई, तू काकांना तुला पायजे तसं लिही. माझा विचार करू नको. एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना काय एकच आहे का?" मंगळवारी हाच मला म्हणत होता, लिहून दे गं, दोन ओळीत काय जातंय. तो उर्मटपणानं बोलला नाही, भावजी. बोलताना त्याचे डोळे भरले होते. आपल्याला सोडून जायची त्याची मुळीच इच्छा नाही. पण जावं लागलं तर जाईल, आणि मी त्याला अडवणार नाही.

कालचे डबेही वाटून झाले. दरवर्षी जातात तिथे सगळीकडे गेले. आपल्याला सगळ्यात आधी ज्या गृहस्थांनी फोन केला, त्यांच्याही घरी डबा गेला. कुणी फोन केला हे मला कसं कळलं, ते विचारू नका. त्या डब्यात वरच, शिवराजनं काढलं तसं, तीन वाकड्या रेघांचं एक बिस्किट मी माझ्या हातानं करून ठेवलं होतं. लपवून पाठवणं मला जमणार नव्हतं. आज सकाळी त्यांच्या मिसेस स्वतः डबा परत घेऊन आल्या. रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून शेंगाचटणी भरून आणली होती. दारातच हळू आवाजात म्हणाल्या, की नातवानं ते बिस्किट कुणाला खाऊ दिलं नाही, देवळीत ठेवलंय, मुंग्या लागतील म्हणून खाली पाण्याची ताटली ठेवलीय. आणि त्यांचे मिस्टर? मी विचारलं. तर हसल्या नुसत्या.

आपल्या घरी डबा पाठवला नाही. पहिला डबा आपला असतो, तो यंदा ओट्यावर भरून तसाच आहे. नको असेल तिथे पाठवायचा नाही, एवढा मान मलाही आहे.

तर माझं म्हणणं असं. मी माफी लिहून देणार नाही. उत्कर्षा संक्रांतीला सर्वांसमोर 'चुकलं' म्हणणार नाही, कारण चुकलेलं नाही. पाया पडेल, ती दरवर्षी पडते तशी, तिळगूळ घ्यायला. ग्रुपवर काय टाकायचं ते आपण ठरवा. आपल्याला हवं असेल तर हे पत्रच टाका, अक्षर अजून सुवाच्य आहे. पुढच्या डिसेंबरलाही बिस्किटं होतील, आणि ती जे काढेल ते मी भाजेन.

हे पत्र मी शिवराजबरोबर पाठवत नाही. काका आणि आई यांच्यामध्ये त्याला हमाल करायचा नाही. टपालानंही नाही. उद्या शनिवारी सकाळी, आपली पूजा आटोपायच्या वेळेला, मी स्वतः घेऊन येणार आहे. म्हणजे आपण ही ओळ वाचत आहात तेव्हा मी समोरच बसलेली असेन. मध्ये बोलणार नाही. आपण पत्र पुरं वाचल्याशिवाय मत देत नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

इथून पुढे मी उद्याची सकाळ धरून लिहिते. उत्कर्षा आत आहे, जाऊबाईंजवळ. तिला मी एवढंच सांगितलं आहे, की मोठ्या मुत्त्यांकडे जायचंय. पत्रात काय आहे, ते तिला माहीत नाही. आज सकाळी मी तिला ईबत्ती लावलेली नाही. लावून घेईल आणि जिन्यात पुसेल, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती रिकाम्या कपाळानं आपल्या घराचा उंबरा ओलांडून आली आहे. माझ्या बोटांवर तिचा आता विश्वास नाही. शिवराजच्याही नाही. आपल्या बोटांवर आहे. म्हणून तर हे सगळं झालं.

आपली नुकतीच पूजा झाली आहे. गट्टा देवघरात असेल, बोटं ओली असतील. आपण तिला हाक मारलीत, तर ती येईल आणि मान पुढे करेल. काही बोलायची गरज नाही. समजावून सांगू नका, माफीबिफी तर नकोच, तिला ते कळायचं नाही. तीन बोटं टेकवा, बस.

नाही मारलीत, तर मी चहा घेईन, तिला घेईन आणि आम्ही रिक्षानं परत जाऊ. आपण काय केलं नाही, हे तिला कधी समजणार नाही, मी समजू देणार नाही. ती खेळून आली असंच म्हणेल. पण मी या घरात नांदले आहे, भावजी, या घरातून सासूसासऱ्यांना आणि नवऱ्याला मी शेवटच्या वाटेला लावलं आहे. त्यानंतर मी या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आपण येऊ नका म्हणालात म्हणून नाही. माझं मी ठरवलं म्हणून.

पत्र संपलं. मान वर करा.

आपल्या समोर बसलेली,
दानेश्वरी